ऑफिसचं सॉफ्टवेअर स्क्रीन रीडरवर चालतं का? तपासणीपासून तक्रारीपर्यंत

'आमच्या ऑफिसचं सॉफ्टवेअर एनव्हीडीएवर चालत नाही,' असं दृष्टिबाधित कर्मचारी सांगतो. (एनव्हीडीए हा एक स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.) 'कंपनीला कळवलंय,' असं आयटीवाले सांगतात. मग आर्थिक वर्ष उलटतं, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती येते आणि तेच संवाद पुन्हा होतात.

मुळात 'चालत नाही' ही तक्रारच होत नाही. लॉगिनच होत नाही का? लॉगिन होतं, पण एका बटणाचं नाव ऐकू येत नाही? की सगळं ऐकू येतं, पण शेजारचा दोन मिनिटांत करतो त्या नोंदीला आपल्याला अर्धा तास लागतो? या तीन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांचे इलाज वेगवेगळ्या माणसांच्या हातात आहेत. काही गोष्टी आपल्याच मशीनवरच्या सेटिंगने सुटतात, काही ऑफिसच्या आयटी विभागाने परवानगी दिली की सुटतात आणि उरलेल्या फक्त सॉफ्टवेअर बनवणारा सोडवू शकतो. कुठली गोष्ट कुणाची, हे शोधायला एक दुपार पुरते. स्क्रीन रीडर वापरणारा कर्मचारी आणि आयटीतला किंवा टीममधला एक डोळस सहकारी शेजारी बसून जे करू शकतात, तेवढंच इथे सांगतो. मी स्वतः दिवसभर एनव्हीडीएवर काम करतो, त्यामुळे बटणं त्याची दिली आहेत. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी आपल्या बटणांनी हेच करावं, तपासणी तीच राहते.

आधी कामांची यादी

मेन्यूतली प्रत्येक स्क्रीन तपासायला बसू नका, महिना जाईल. आपल्याला रोज किंवा दर महिन्याला करावी लागणारी पाच-सहा कामं लिहा: हजेरी बघणं, रजेचा अर्ज टाकणं, फाइल पुढच्या टेबलाला पाठवणं, ग्राहकाचा खाते उतारा काढणं, पगारपत्रक डाउनलोड करणं. तपासणी या कामांची करायची, लॉगिनपासून 'झालं' असा संदेश येईपर्यंत. एखाद्या कामातल्या दहापैकी नऊ पायऱ्या सुरळीत असतील आणि दहावी अडत असेल, तर ते काम होत नाही असंच धरायचं.

मशीनची तयारी

एनव्हीडीए मोफत आणि मुक्तस्रोत आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन यांनी ते लिहायला सुरुवात केली, आता एनव्ही ॲक्सेस ही संस्था ते सांभाळते. त्यामुळे 'लायसन्सला बजेट नाही' ही सबब निदान तपासणीपुरती तरी उरत नाही. पेन ड्राइव्हवरून चालणारी पोर्टेबल प्रतही करता येते. पण ऑफिसच्या मशीनवर ती वापरताना एक खोच आहे. एखादं सॉफ्टवेअर ॲडमिनिस्ट्रेटरच्या अधिकाराने चालत असेल, तर पोर्टेबल प्रत त्या खिडकीत गप्प होते. विंडोजचा 'परवानगी द्यायची का?' विचारणारा पडदाही तिला वाचता येत नाही. म्हणजे सॉफ्टवेअर बरं असूनही ते मुकं आहे असा समज होतो. तपासणीसाठी आयटीकडून रीतसर इन्स्टॉल करून घ्या.

डोळस सहकाऱ्याला एनव्हीडीएचा वेग झेपत नाही. त्याच्यासाठी एनव्हीडीएच्या मेन्यूत टूल्समध्ये स्पीच व्ह्यूअर आहे. जे बोललं जातं ते तिथे अक्षरांत उमटतं आणि कॉपीही करता येतं. तक्रार लिहिताना याचा फार उपयोग होतो. सहकाऱ्याला एकट्याने तपासायचं असेल, तर त्याने स्क्रीन कर्टन चालू करावा: एनव्हीडीए + कंट्रोल + एस्केप. पडदा काळा होतो आणि आवाज राहतो. (एनव्हीडीए की म्हणजे इन्सर्ट, लॅपटॉपवर कॅप्स लॉक निवडता येतो.) काळ्या पडद्यावर रजेचा अर्ज एकदा भरून बघितलेल्या प्रोग्रामरला पुढचं फारसं समजावून सांगावं लागत नाही. हाच पडदा आपल्यालाही कामाचा आहे. पगारपत्रक उघडं असताना मागून कोण डोकावतंय हे आपल्याला कळत नाही.

आवाजाची सोय मात्र आधीच करून ठेवा. इंग्रजी आवाजाला देवनागरी येत नसेल, तर काही आवाज मराठी मजकूर चक्क गाळून पुढे जातात. बटणावर 'जतन करा' लिहिलेलं असतं आणि ऐकू येतं नुसतं 'बटन'. दोष आवाजाचा आणि शिव्या सॉफ्टवेअरला! ईस्पीक एनजी हा एनव्हीडीएसोबत येणारा आवाज मराठी वाचतो. कानाला गोड नाही, पण तपासणीला चोख आहे. एनव्हीडीए + कंट्रोल + एस दाबून सिंथेसायझर निवडा आणि एखादं मराठी वाक्य वाचून घ्या, मगच पुढे जा.

माऊस काढून ठेवा

पहिली चाचणी स्क्रीन रीडरशिवायही करता येते, म्हणून ती डोळस सहकाऱ्याने करावी. माऊसची वायर काढायची आणि यादीतलं पहिलं काम फक्त कीबोर्डने करायचं. टॅबने पुढे, शिफ्ट-टॅबने मागे, एंटर, स्पेस, बाण, एस्केप. बस्स, एवढ्या बटणांत काम पुरं व्हायला हवं.

टॅब दाबत जाताना फोकस, म्हणजे कीबोर्ड आत्ता ज्या खान्यावर किंवा बटणावर आहे ती जागा, कुठे आहे ते दिसतं का? काही डिझायनर फोकसभोवतीची चौकट 'घाण दिसते' म्हणून काढून टाकतात. मग अल्पदृष्टीच्या माणसाला आपण कुठल्या बटणावर आहोत हे कळायला मार्गच उरत नाही. टॅबचा क्रम फॉर्मच्या क्रमाने जातो, की नावावरून एकदम तळाच्या 'सबमिट'वर आणि मग परत पत्त्यावर? एखाद्या खान्यात शिरल्यावर बाहेर पडता येतं का? पॉप-अप उघडला की फोकस त्यात जातो, की मागच्याच पानावर राहतो? हा शेवटचा दोष फार आढळतो. 'खात्री आहे का?' अशी खिडकी समोर उघडलेली असते, आपण मात्र मागच्या फॉर्मवर टॅब मारत बसतो आणि एंटर का लागत नाही हे कळत नाही.

टॅबने जिथे पोहोचताच येत नाही, ती प्रत्येक जागा लिहून ठेवा. वेबवरच्या सुगम्यतेच्या (दिव्यांगांना वापरता येण्याच्या) जागतिक निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीमध्ये, याला निकष २.१.१ म्हणतात. क्रमांक आत्ता पाठ करायची गरज नाही, तक्रारीच्या वेळी कामाला येतील.

नाव, प्रकार, स्थिती

आता एनव्हीडीए चालू करा. फॉर्ममधल्या प्रत्येक खान्यावर आणि बटणावर तीन गोष्टी ऐकू यायला हव्यात: हे काय आहे, कुठल्या प्रकारचं आहे आणि आत्ता कुठल्या अवस्थेत आहे. नीट बांधलेल्या रजेच्या अर्जात टॅब मारला की असं ऐकू येतं:

'रजेचा प्रकार, कॉम्बो बॉक्स, किरकोळ रजा, कोलॅप्स्ड.'

'दिनांकापासून, एडिट, रिक्वायर्ड, ब्लँक.'

'अर्धा दिवस, चेक बॉक्स, नॉट चेक्ड.'

आणि निष्काळजीपणे बांधलेल्या अर्जात असं:

'कॉम्बो बॉक्स, कोलॅप्स्ड.'

'एडिट, ब्लँक.'

'एडिट, ब्लँक.'

'बटन.'

'बटन.'

डोळ्यांना दोन्ही अर्ज हुबेहूब सारखे दिसू शकतात. दुसऱ्यातही खान्यांवर 'पासून' आणि 'पर्यंत' हे शब्द छापलेले आहेत, पण ते नुसते जवळ ठेवलेले आहेत, खान्याला जोडलेले नाहीत. शेवटच्या दोन बटणांवर बरोबरची आणि फुलीची खूण आहे. त्यातलं पाठवायचं कुठलं आणि रद्द करायचं कुठलं, हे दाबून बघितल्याशिवाय कळत नाही. रजेच्या अर्जात एक वेळ चालून जाईल. बँकेत चेकर म्हणून, म्हणजे दुसऱ्याने केलेली नोंद तपासायला बसलेल्या अधिकाऱ्यासमोर हीच दोन बटणं 'मंजूर' आणि 'नामंजूर' अशी असतात.

प्रोग्रामरला सांगायचं ते एवढंच: खान्याचं लेबल 'फॉर' या गुणधर्माने खान्याला जोडा आणि नुसतं चित्र असलेल्या बटणाला 'एरिया-लेबल' (aria-label) द्या. एकेका ओळीचं काम आहे. 'त्यासाठी अख्खं मॉड्यूल नव्याने लिहावं लागेल' असं उत्तर आलं, तर समोरच्याने तपासलेलंच नाही असं खुशाल समजा.

'क्लिकेबल' हा शब्द ऐकू आला की कान टवकारा. 'ग्राफिक, क्लिकेबल' म्हणजे ती वस्तू दिसायला बटण आहे, पण बनवताना तिला बटण केलेलं नाही. नुसत्या चौकोनावर माऊसचा क्लिक बसवलाय. टॅब बहुतेक वेळा तिथे थांबतच नाही.

तारखेचा खाना हे स्वतंत्र प्रकरण आहे. कॅलेंडरचं चित्र दाबा, महिन्याची चौकट उघडेल, तारखेवर क्लिक करा आणि खान्यात टाइप करायची बंदी, असा प्रकार सर्रास असतो. कॅलेंडर सुगम्य करणं अवघड आहे हे मान्य. मग ते राहू द्या, पण खान्यात थेट तारीख लिहू द्या. डोळस कारकुनालाही तेच जलद पडतं.

त्यानंतर मुद्दाम चूक करा. 'पर्यंत'ची तारीख 'पासून'च्या आधीची टाका आणि अर्ज पाठवा. पानाच्या वर लाल अक्षरांत सूचना उमटते. पण एनव्हीडीए काही बोललं का? नसेल, तर वापरणाऱ्याला अर्ज गेलाय असंच वाटतं आणि महिनाअखेरीला बिनपगारी रजा लागते. सूचना आपोआप वाचली जाईल अशी तिची घडण हवी, आणि फोकस चुकलेल्या खान्यावर आला तर उत्तमच. अर्ज यशस्वी झाल्याचा संदेशही असाच तपासा. कोपऱ्यात उगवून क्षणात मावळणारी हिरवी पट्टी आपल्या कानापर्यंत पोहोचतच नाही. स्थिती नुसत्या रंगाने दाखवलेली असेल, म्हणजे हिरवा ठिपका मंजूर आणि लाल ठिपका परत, तर तीही नोंदवा.

सेशन संपण्याचंही बघा. सॉफ्टवेअर ठरावीक वेळाने आपोआप लॉगआउट करत असेल, तर आधी इशारा द्यायला हवा आणि एखादं बटण दाबून वेळ वाढवायला किमान २० सेकंद मिळायला हवेत. निकषच तसा आहे. राहिला लॉगिनवरचा कॅप्चा. ऑफिसच्या अंतर्गत नेटवर्कवर, कर्मचाऱ्याच्या आयडीने उघडणाऱ्या सॉफ्टवेअरला वाकड्या अक्षरांचा कॅप्चा कशासाठी लागतो, हे मला अजून कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

ब्राउझरमधल्या सॉफ्टवेअरच्या दोन अवस्था

हल्ली बहुतेक कामं ब्राउझरमध्येच चालतात, आणि तिथे नवशिके हमखास अडखळतात. एनव्हीडीए वेबपानावर दोन अवस्थांत असतं. ब्राउझ मोडमध्ये अक्षरं म्हणजे आज्ञा: एचने पुढचं शीर्षक, एफने फॉर्मचा खाना, बीने बटण, टीने टेबल. फोकस मोडमध्ये अक्षरं म्हणजे टायपिंग. अदलाबदल एनव्हीडीए + स्पेसने होते आणि प्रत्येक वेळी वेगळा आवाज येतो. 'मी टाइप करतोय आणि पान उड्या मारतंय' या तक्रारीत बहुधा सॉफ्टवेअरचा काहीच दोष नसतो, फक्त मोड चुकीचा असतो. हे तक्रारीत लिहून पाठवलं, की पुढच्या खऱ्या तक्रारीही कुणी मनावर घेत नाही.

एनव्हीडीए + एफ ७ दाबलं की पानावरची शीर्षकं, लिंक, बटणं यांची यादी मिळते. शीर्षकांची यादी रिकामी आली, तर त्या पानावर आपल्याला दरवेळी वरपासून खालपर्यंत चालावं लागणार. बटणांच्या यादीत 'अनलेबल्ड' किंवा एकाच नावाची दहा बटणं दिसली, तर तेही टिपून ठेवा. 'पाहा, पाहा, पाहा' ऐकून कुणाची फाइल उघडायची हे कसं ठरवणार?

तक्त्यांकडे नीट लक्ष द्या, कारण ऑफिसचं निम्मं काम तक्त्यांतच असतं. खरा तक्ता असेल, तर कंट्रोल + ऑल्ट + बाण दाबून एका रकान्यातून दुसऱ्यात जाता येतं आणि प्रत्येक वेळी रकान्याचं शीर्षक ऐकू येतं: 'मूळ वेतन, ३५,४००'. तक्त्यासारखा नुसता दिसणारा सांगाडा असेल, तर आकड्यांची एक लांबलचक माळ कानावर पडते. त्यातला महागाई भत्ता कुठला आणि कपात कुठली, हे बोटांवर मोजत बसावं लागतं.

इन्स्टॉल केलेलं सॉफ्टवेअर

जुनी हिशेबाची, ग्रंथालयाची किंवा रुग्णालयाची सॉफ्टवेअरं अजून थेट विंडोजवर चालतात. इथे स्क्रीन रीडरला माहिती मिळते ती सॉफ्टवेअर विंडोजला आपल्याबद्दल जे सांगतं त्यातून. प्रोग्रामरने विंडोजची तयार बटणं आणि खाने वापरले असतील, तर बरंचसं फुकटात वाचलं जातं. सगळं स्वतःच रंगवलं असेल, तर स्क्रीन रीडरला आत एक रिकामी खिडकी मिळते.

हे सिद्ध करायला मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेसिबिलिटी इन्साइट्स फॉर विंडोज हे मोफत साधन डोळस सहकाऱ्याने वापरावं. एखाद्या बटणावर ते नेलं की त्या बटणाचं नाव आणि प्रकार विंडोजपर्यंत पोहोचतोय का, हे समोर दिसतं. नावाची जागा रिकामी असलेला स्क्रीनशॉट तक्रारीला जोडला की 'तुमच्या स्क्रीन रीडरचा प्रॉब्लेम आहे' हे उत्तर बंद होतं.

सॉफ्टवेअर जावात लिहिलेलं असेल, तर जावा ॲक्सेस ब्रिज, म्हणजे जावातली माहिती स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचवणारा दुवा, चालू आहे का, ते आयटीला आधी बघायला सांगा. तो बंद असला की अख्खं सॉफ्टवेअर मुकं राहतं, आणि चालू केल्यावर पुष्कळदा बोलायला लागतं. सॉफ्टवेअर मुख्यालयातल्या सर्व्हरवर असून आपल्या पडद्यावर रिमोट डेस्कटॉपने येत असेल, तर आपल्या मशीनपर्यंत पोहोचतं ते नुसतं चित्र. ते इथला स्क्रीन रीडर वाचू शकत नाही. स्क्रीन रीडर त्या सर्व्हरवरही लागतो. एनव्हीडीएमध्ये २०२५.१ आवृत्तीपासून दूरच्या मशीनवरच्या एनव्हीडीएशी जोडून घेण्याची सोय आतच आली आहे. पण तिला ऑफिसच्या सुरक्षा धोरणाची मंजुरी लागेल, ती लेखी घ्या.

अल्पदृष्टीच्या सहकाऱ्यांसाठी

यांची तपासणी वेगळी आहे आणि ती कायम विसरली जाते. ब्राउझरमध्ये झूम २०० टक्के करा. मजकूर एकमेकांवर चढतो का? 'पाठवा' बटण पडद्याबाहेर जातं का? मग ४०० टक्के करून बघा. ओळ वाचायला उजवीकडे-डावीकडे सरकवावं लागू नये. विंडोज + अधिकची खूण दाबून मॅग्निफायर उघडतो. टॅब मारल्यावर तो फोकसच्या मागे जातो का, ते बघा. डावा ऑल्ट + डावा शिफ्ट + प्रिंट स्क्रीन दाबून विंडोजची कॉन्ट्रास्ट थीम लावा. त्यात काही आयकॉन गायबच झाले, तर ती नोंद तक्रारीत घ्या. साध्या मजकुराचा पार्श्वभूमीशी कॉन्ट्रास्ट किमान ४.५ : १ हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ही फॅशन त्यात बसत नाही.

मराठी कागदांची वेगळीच कथा

सॉफ्टवेअर निर्दोष असलं, तरी त्यातून फिरणारी कागदपत्रं वाचता आली नाहीत तर काय उपयोग? आणि या बाबतीत मराठी ऑफिसांची अडचण इंग्रजी ऑफिसांपेक्षा मोठी आहे.

पहिला गुन्हेगार जुने फॉन्ट. युनिकोडच्या आधीच्या काळात देवनागरीची आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असायची. कृतिदेवमध्ये टाइप केलेला 'मराठी' हा शब्द डोळ्यांना मराठी दिसतो. फाइलमध्ये प्रत्यक्षात असतात ती 'ई जे के बी एच' ही रोमन अक्षरं, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. अशी दोन पानांची टिपणी ऐकणं म्हणजे शिक्षाच आहे. अजूनही कितीतरी टेबलांवर असे फॉन्ट चालू आहेत, कारण टायपिंगची सवय हाताला बसलेली असते. त्यांना सवय मोडायला सांगायची गरज नाही. युनिकोडमध्येही जुन्या टाइपरायटरसारखा कीबोर्ड लावून मिळतो; नव्याने शिकणाऱ्याने इन्स्क्रिप्ट कीबोर्ड घ्यावा. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून बदलता येतात. पण बदलल्यावर रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी नीट आली का, ते एकदा वाचून घ्यावं. आणि ती वाचणारी व्यक्ती डोळस असावी, कारण मूळ आणि बदललेलं असं दोन्ही शेजारी ठेवून बघावं लागतं.

दुसरा गुन्हेगार स्कॅन केलेली पीडीएफ. परिपत्रक संगणकावर टाइप होतं, छापलं जातं, त्यावर सही-शिक्का होतो, मग ते स्कॅन होऊन मेलवर फिरतं. आपल्याला मिळतो तो फोटो. सहीचा कागद दप्तरी राहू द्या, पण त्यासोबत मूळ वर्ड फाइल पाठवा, एवढीच मागणी करायची. ती मान्य व्हायला पैसा लागत नाही. तोवर फोटोतली अक्षरं ओळखणारी अक्षरओळख (ओसीआर) वापरावी लागते. टेसरॅक्ट हे मोफत साधन मराठी ओळखतं आणि आपल्याच मशीनवर चालतं. ऑफिसचा कागद, त्यातही ग्राहकाची किंवा रुग्णाची माहिती असलेला, कुठल्याही ऑनलाइन सेवेवर चढवू नका. चित्राचं वर्णन सांगणाऱ्या एआय सेवांनाही हेच लागू आहे.

पीडीएफ खरी आहे की फोटो, हे ओळखायला एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. काहीच आलं नाही तर फोटो. वेडीवाकडी रोमन अक्षरं आली तर जुना फॉन्ट. मराठी आली पण काना-वेलांट्या विस्कटलेल्या, तर पीडीएफ करतानाच घोटाळा झालाय.

टाइप करणाऱ्या सहकाऱ्याला तीन सवयी लावता आल्या तरी पुष्कळ. वर्डमध्ये शीर्षक नुसतं ठळक न करता हेडिंगची स्टाइल लावायची. मजकूर निवडून भाषा मराठी करायची, म्हणजे आवाज आपोआप बदलू शकतो. पीडीएफ करताना प्रिंटऐवजी 'सेव्ह ॲज' वापरायचं, कारण प्रिंटमधून केलेल्या पीडीएफमध्ये शीर्षकं-तक्त्यांची रचना उरत नाही.

एक्सेलमध्ये सेल मर्ज करून सजवलेले तक्ते टाळायला सांगा. आपल्या बाजूने, शीर्षकांच्या ओळीतल्या पहिल्या सेलवर जाऊन एनव्हीडीए + शिफ्ट + सी दाबा. मग प्रत्येक सेलसोबत रकान्याचं नाव ऐकू येतं.

नोंदींची चाळणी

आता हातात दोन-तीन पानं नोंदी असतील. त्यांचे तीन ढीग करा.

आपल्या किंवा आयटीच्या सेटिंगने सुटणारं एका ढिगात: आवाज, मोड, जावा ब्रिज, अधिकार. ते आजच उरका.

दुसऱ्या ढिगात, वळसा घालून होणारं काम. टॅब पोहोचत नाही, पण ऑब्जेक्ट नेव्हिगेशनने, म्हणजे पडद्यावरची एकेक वस्तू चाळायच्या एनव्हीडीएच्या सोयीने, बटण सापडतं. एनव्हीडीए + आर दाबून पडद्यावरची अक्षरं ओळखता येतात. एकेक नोंद टाकण्याऐवजी एक्सेलमधून एकदम चढवता येतं. वळसा जरूर वापरा, पण तो तक्रारीतून वगळू नका. वळशाने काम चालतंय म्हटल्यावर दुरुस्ती कुणीच करत नाही. एक वळसा मात्र कधीच घालू नका: कॅप्चासाठी किंवा एखाद्या न बोलणाऱ्या स्क्रीनसाठी आपला पासवर्ड सहकाऱ्याला देणं. सहकारी कितीही भला असला, तरी आपल्या आयडीवर झालेल्या प्रत्येक नोंदीला जबाबदार आपण असतो. मेकर-चेकरची पद्धत असलेल्या ठिकाणी तर हे थेट शिस्तभंगाचं प्रकरण होतं.

तिसरा ढीग सॉफ्टवेअर कंपनीचा. तक्रार याच ढिगाची लिहायची.

तक्रार अशी लिहा

एका दोषाला एक तक्रार. सगळं एका मेलमध्ये कोंबलं, तर सोपा दोष दुरुस्त करून टिकिट (तक्रारीची नोंद) बंद केलं जातं. नमुना असा:

'विषय: रजा अर्ज, पाठवा आणि रद्द करा या बटणांना नाव नाही.

विंडोज ११, क्रोम आणि एनव्हीडीए यांच्या सध्याच्या आवृत्त्या (क्रमांक सोबत).

पायऱ्या: लॉगिन, रजा, नवीन अर्ज. सर्व खाने भरून टॅब दाबत शेवटपर्यंत जाणे.

ऐकू येते: बटन. बटन.

ऐकू यायला हवे: पाठवा, बटन. रद्द करा, बटन.

परिणाम: अर्ज पाठवायचा की रद्द होतोय हे कळत नाही, स्क्रीन रीडर वापरणाऱ्या कर्मचाऱ्याला स्वतः रजा टाकता येत नाही.

निकष: डब्ल्यूसीएजी आवृत्ती २.१, निकष क्रमांक ४.१.२.

सोबत: स्पीच व्ह्यूअरमधला मजकूर आणि स्क्रीनशॉट.'

यात राग नाही आणि विनंतीही नाही. प्रोग्रामरला लागतं ते सगळं आहे. निकषांचे क्रमांक नेहमीच्या दोषांसाठी एवढे पुरतात: चित्राला पर्यायी मजकूर नाही १.१.१, नुसता रंग १.४.१, कॉन्ट्रास्ट १.४.३, कीबोर्डने पोहोचत नाही २.१.१, अडकून पडतो २.१.२, सेशनची वेळ २.२.१, फोकस दिसत नाही २.४.७, चूक सांगितली जात नाही ३.३.१, नाव-प्रकार-स्थिती ४.१.२, संदेश वाचला जात नाही ४.१.३.

परिणामाची ओळ कधीच गाळू नका. कुठला दोष आधी दुरुस्त करायचा, हे कंपनीत ठरवणारा माणूस फक्त तेवढीच ओळ वाचतो.

कंपनीकडून 'ऑटोमॅटिक टूलमध्ये शंभर गुण आहेत' असं उत्तर येऊ शकतं. लाइटहाउस, वेव्ह, ॲक्स ही साधनं चांगली आहेत, पण बटणाला नाव आहे का एवढंच ती बघतात. ते नाव बरोबर आहे का, हे त्यांना कळत नाही. सगळ्या बटणांना 'बटण १, बटण २' अशी नावं दिली, तरी साधन खूश होतं.

उत्तरच आलं नाही तर

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आपला आधार. त्याच्या कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने, खासगीसुद्धा, समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. आपल्या ऑफिसचं धोरण मागा आणि तक्रारीत त्याचा उल्लेख करा. सरकारी आस्थापनेत कलम २३ नुसार तक्रार निवारण अधिकारी असतो. तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत त्याने चौकशी करायची आहे. तिथे समाधान झालं नाही, तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येतं. महाराष्ट्रात दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे.

तांत्रिक बाजूने भारतीय मानक आयएस १७८०२ आहे. ते संकेतस्थळांइतकंच सॉफ्टवेअरलाही लागू होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे नियम केवळ मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत असं ठरवलं. एप्रिल २०२५ मध्ये केवायसीच्या प्रकरणात डिजिटल सेवा मिळणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. पण पहिल्याच मेलमध्ये कलमं घालू नका. आधी दोष दाखवा, मुदत मागा, स्मरणपत्र पाठवा. ती कागदपत्रं हातात असली की पुढे कलमाला वजन येतं.

पुढची खरेदी

ऑफिस नवं सॉफ्टवेअर घेणार असल्याची कुणकुण लागली, तर निविदा निघण्याआधी हालचाल करा. करार झाल्यावर प्रत्येक दुरुस्तीचं 'चेंज रिक्वेस्ट' म्हणून वेगळं बिल येतं. कंपनीकडून सुगम्यता अहवाल मागवा. व्हीपॅट नावाच्या नमुन्यात तो भरलेला असतो आणि प्रत्येक निकषापुढे सपोर्ट्स, पार्शली सपोर्ट्स किंवा डझ नॉट सपोर्ट असं लिहिलेलं असतं. सगळीकडे 'सपोर्ट्स' असेल आणि शेऱ्यांचा रकाना कोरा असेल, तर विचारा: कुठल्या स्क्रीन रीडरवर तपासलं, कुणी आणि कुठल्या आवृत्तीवर? काही निकषांपुढे प्रामाणिकपणे 'पार्शली' लिहून खाली कारण देणारा अहवाल मला जास्त भरवशाचा वाटतो. युरोपचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाला आहे. तिकडे माल विकणाऱ्या पुण्या-मुंबईच्या कंपन्यांना हे सगळं ठाऊक असतं. इथला ग्राहक मागत नाही, म्हणून ते इथे मिळत नाही.

डेमोच्या दिवशी त्यांच्या माणसाला माऊसशिवाय आपल्या यादीतलं एक काम करून दाखवायला सांगा. करारात तीन गोष्टी घालून घ्या: आयएस १७८०२ ची पूर्तता, सुगम्यतेच्या दोषांची दुरुस्ती देखभाल खर्चातच, आणि नवी आवृत्ती सर्वांसाठी खुली करण्याआधी चाचणी सर्व्हरवर दृष्टिबाधित कर्मचाऱ्याकडून तपासणी. तिसरी अट आग्रहाने धरा. चालू असलेलं सॉफ्टवेअर अपडेटनंतर एका सकाळी मुकं होतं आणि जुनी आवृत्ती परत मिळत नाही, हे फार वेळा घडतं. सुरुवातीची पाच-सहा कामांची यादी जपून ठेवा. प्रत्येक अपडेटनंतर तीच कामं त्याच क्रमाने करायची, आणि जिथे ऐकू आलेले शब्द मागच्या वेळेपेक्षा बदलले, तिथे त्याच दिवशी टिकिट टाकायचं.